ओठाला कळेना, तोवर मनगटाला विचार

अगं, जबड्याचं ऑपरेशन नीट झालं, सूजही उतरत आली, आणि आता पंख्याचा वारा लागला तरी हनुवटी झोंबते, म्हणून घाबरलीस ना? बघ, हे का होतं ते आधी समजून घे. निम्मी भीती तिथेच जाईल.

खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस जाते. खालचा ओठ, हनुवटी आणि खालचे दात यांची जाणीव तिच्याकडे. हाड कापून सरकवताना ती ताणली जाते, दुखावते. वरचा जबडा सरकवला असेल, तर गाल आणि वरचा ओठही असेच बधिर होतात. नसेचे तुटलेले तंतू वाढतात ते दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. म्हणून महिने लागतात, कुणाला वर्षही. मधल्या काळातल्या मुंग्या, खाज, गार झोंबणं ही बहुतेक वेळा नस जागी होत असल्याची खूण असते. काहींना थोडा बधिरपणा कायम राहतो, पण त्याचीही हळूहळू सवय होते.

खरं सांगू का, जिथे झोंबतंय त्याची मला तेवढी काळजी नाही. जिथे काहीच लागत नाही, तिथली आहे! बधिर ओठाला कढत चहा कळत नाही. भाजल्याचं कळतं ते आरशात फोड दिसल्यावर. म्हणून पेज असो, मुगाचं कढण असो, आधी दोन थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला टाकून बघ. तिथे कोमट लागलं, तरच तोंडाला लाव.

बर्फ पहिले दोन दिवस, तोही फडक्यात गुंडाळून, एका वेळी पंधरा-वीस मिनिटं. पुढे गरम शेक डॉक्टर म्हणतील तेव्हाच. शेकाची पिशवी गालाखाली घेऊन झोपायचं नाही, समजलं? घरातली मोठी माणसं प्रेमाने वाफ घ्यायला सांगतील, त्यांना गोड बोलून थांबव. हेअर ड्रायरही तोंडापासून लांब धर.

गारव्याचं सोपं आहे गं. ताक फ्रीजमधून अर्धा तास आधी काढून ठेव. ऑफिसात एसीचा झोत तोंडावर येत असेल, तर बिनधास्त जागा बदलून माग. थंडीत बाहेर पडताना मऊ सुती ओढणी नाकापर्यंत घे. लोकरीचा मफलर आत्ता टोचेल.

टाके भरले आणि डॉक्टरांनी होकार दिला, की रोज थोडा वेळ आरशासमोर बस. मऊ ब्रश हनुवटीवरून वर-खाली, मग आडवा फिरव, आणि तो कुठे, कसा फिरतोय याकडे डोळे उघडे ठेवून लक्ष दे. मेंदूला नव्या जाणिवेची ओळख पटायला याची मदत होते.

मात्र उतरलेली सूज पुन्हा चढली, जागा लाल होऊन तापली, ताप आला, पू दिसला किंवा कळ झोपू देईना, तर ‘नसच असेल’ म्हणून अंगावर काढू नकोस. त्याच दिवशी सर्जनला फोन कर.

आणि रोज ओठ चाचपून बघणं बंद कर, बाई. महिन्यातून एकदा वहीत लिही, कुठे लागतं, कुठे नाही. तीन महिन्यांची पानं शेजारी ठेवलीस, की किती पुढे आलीस ते तुझं तुलाच दिसेल.