तरण्या पोराचाही रक्तदाब मोजा



लागण, खोडवा आणि खताचे हप्ते सोडून या वेळी वेगळा विषय घेतला आहे. मालेगाव भागात बांधावर बोलताना पन्नाशीचा शेतकरी बी.पी.ची गोळी चालू असल्याचे सांगतो. त्याच्या पंचविशीतल्या पोराला विचारावे, तर उत्तर येते, "मले काय झालं? मी तं तरणा आहो!" हा आजार म्हाताऱ्यांचा, ही समजूत खरी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ वर्षांवरील सुमारे २४ टक्के पुरुष व २१ टक्के स्त्रियांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्यावर औषध चालू होते. वयाबरोबर हे प्रमाण वाढते. पण तरुण त्यातून सुटलेले नाहीत.

रक्तदाब म्हणजे काय?

हृदय हा पंप आणि रक्तवाहिन्या ही पाइपलाइन समजा. ठिबकला दाब कमी पडला तर शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही, जास्त झाला तर जोड निसटतात. शरीराचेही तसेच आहे. १२०/८० यातला वरचा आकडा हृदय आवळते तेव्हाचा, खालचा ते सैल पडते तेव्हाचा. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वरचा १४० किंवा खालचा ९० अथवा त्याहून जास्त भरला, तर रक्तदाब वाढलेला आहे असे डॉक्टर धरतात. दोन्हीपैकी एक वाढला तरी पुरे.

कळत का नाही?

उसाचा पोंगा वाळलेला दिसतो, तेव्हा खोडकिडीची अळी आत शिरून बरेच दिवस झालेले असतात. रक्तदाबाचे असेच आहे. बहुतेकांचे ना डोके दुखते, ना चक्कर येते. आतल्या आत मात्र हृदय, मेंदू, मूत्रपिंड आणि डोळे यांना मार बसत असतो. पंचविशीत सुरू झालेला दाब साठीपर्यंत ३५ वर्षे अंगावर निघतो. कर्त्या वयात अर्धांगवायू झाला, तर सारे घर बसते.

सरकारी आरोग्य तपासणीत मुख्यतः ३० वर्षांवरील माणसे धरली जातात. म्हणून त्याखालच्या पोरापोरींनी तपासणी स्वतः मागून घेतली पाहिजे.

मोजताना काय पाहावे?

१. अर्धा तास आधी चहा, बिडी, तंबाखू नको. लघवी करून यावे.
२. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे. दंड हृदयाच्या उंचीला असावा.
३. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजावे. एकदाच जास्त भरला म्हणून घाबरू नये, पण सोडूनही देऊ नये.
४. १८०/११० च्या वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. सोबत छातीत दुखणे, धाप, तोंड वाकडे होणे किंवा बोबडी वळणे असेल, तर क्षणभरही थांबू नये.

तरुणपणी का वाढतो?

घराण्यात असणे, वाढलेले वजन, दारू, अपुरी झोप आणि मीठ ही मुख्य कारणे. शेतात राबतो म्हणजे सुटलो, असे नाही. रात्रीच्या विजेवर पाणी द्यायचे, दिवसा पुन्हा काम आणि अंग दुखले की दुकानातून गोळी, हा क्रम वाईट. दुखण्याच्या अनेक गोळ्या रोज घेतल्याने दाब वाढतो व मूत्रपिंडालाही इजा होते. खर्रा-तंबाखूही रक्तवाहिन्यांचा वैरीच.

तिशीच्या आत दाब फार वाढलेला असेल, तर मूत्रपिंडाचा किंवा ग्रंथींचा दुसरा आजार मुळाशी असू शकतो. डॉक्टर सांगतील ती लघवीची व रक्ताची तपासणी टाळू नये. गरोदर सुनेचा किंवा लेकीचा दाब प्रत्येक तपासणीला मोजून घ्यावा. दाबाची गोळी चालू असून दिवस गेले किंवा तसा विचार असेल, तर डॉक्टरांना आधी सांगावे, कारण काही गोळ्या पोटातील बाळाला घातक असतात.

मिठाचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. पाच मोठ्या माणसांच्या घरात हे महिन्याला पाऊण किलो होते, आणि तेही लोणचे, पापड, ठेचा, फरसाण यांतले धरून. घरी महिन्याला किती किलो येते ते पाहा, म्हणजे कळेल.

गोळी मनाने सोडू नका

२०१७ साली सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात आपल्या राज्यातील भंडारा, वर्धा, सातारा व सिंधुदुर्ग हे जिल्हे पहिल्यांदा घेतले गेले. साधी ठरलेली औषधे जवळच्या सरकारी केंद्रात द्यायची, प्रत्येकाची नोंद ठेवायची आणि न आलेल्याला पुन्हा बोलवायचे, अशी ती रीत. मर्म आहे ते नियमितपणात. आकडा उतरला म्हणजे आजार गेला असे नव्हे, गोळी काम करते आहे एवढाच त्याचा अर्थ.

तेव्हा सभासद बंधूंनो, पुढच्या वेळी मालेगाव, शिरपूर की मेडशी, जिकडे जाल तिकडे सरकारी दवाखान्यात घरातील १८ वर्षांवरील प्रत्येकाला सोबत न्या. ऊस नोंदीच्या वहीत शेवटच्या पानावर नाव, तारीख आणि दोन आकडे लिहून ठेवा. पैसा लागत नाही, अर्धा दिवस लागतो.

— ऊस विकास अधिकारी