करपलेली पेज 'ऑफिशियल' आहे का?

मित्रांनो, मागच्या सेमिस्टरला पीएल चालू असताना (म्हणजे अभ्यास सोडून बाकी सगळं जोरात चालू असताना) आमच्या विंगमध्ये एक जंगी वाद झाला. विषय 'रात्रीस खेळ चाले'. मी सहज म्हणालो, "दुसऱ्या पर्वात माई रागावून माहेरी जाते, चार दिवस येत नाही आणि अण्णा स्वतः पेज शिजवायला जातो, ती करपते, तो सीन भारी होता." माझा रूममेट कुडाळचा. मालिकेचं शूटिंग त्यांच्याच भागात झालेलं, त्यामुळे तो स्वतःला या विषयाचा एचओडी समजतो. तो म्हणाला, "असा सीनच नाही." मी म्हणालो आहे. पैज लागली, हरणाऱ्याने सगळ्या विंगला स्टेशनसमोर वडापाव द्यायचे. निकाल शेवटी सांगतो. पण या भांडणातून जो विषय वाचायला मिळाला तो मला चक्क आवडला, म्हणून हा लेख.

कॅनन म्हणजे काय?

कॅनन म्हणजे तोफ नव्हे आणि झेरॉक्सवाल्याकडचा प्रिंटरही नव्हे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मोजायचा गज किंवा पट्टी. आपल्या वर्कशॉपमधलीच वस्तू म्हणा ना! पुढे धर्मग्रंथांत कुठले ग्रंथ प्रमाण मानायचे, त्या यादीला हा शब्द लागला. तिथून तो कथा-कादंबऱ्यांत कसा आला, ते गमतीचं आहे. १९११ साली रोनाल्ड नॉक्स यांनी शेरलॉक होम्सच्या कथांवर, धर्मग्रंथाची चिकित्सा करावी तशा थाटात, एक विनोदी निबंध वाचला. त्यानंतर कॉनन डॉयलच्या ४ कादंबऱ्या आणि ५६ कथा मिळून ६० ही होम्सभक्तांची 'प्रमाण' यादी झाली. आता गंमत बघा, या प्रमाण यादीतही डॉ. वॉटसनला लागलेली गोळी एकदा खांद्यात आहे, तर दुसऱ्या ठिकाणी पायात! म्हणजे कॅनन असलं की चूक नाही, असं समजू नका. कॅनन म्हणजे 'वाद घालताना पुरावा म्हणून काय चालेल' याचा नियम, एवढंच.

मालिकांमध्ये काय धरतात?

चाहते साधारण चार पायऱ्या मानतात.

१) पडद्यावर प्रत्यक्ष दाखवलेलं. हे सगळ्यात वर.
२) लेखक-दिग्दर्शकांनी मुलाखतीत सांगितलेलं. काही जण मानतात, काही म्हणतात, "दाखवलं नाही ना? मग सोडा."
३) त्याच गोष्टीवर निघालेली पुस्तकं, कॉमिक्स, गेम्स. इथे मालकाचा शब्द चालतो. 'स्टार वॉर्स'ची अशी असंख्य पुस्तकं वर्षानुवर्षं लोकांनी खरी मानली. एप्रिल २०१४ मध्ये कंपनीने जाहीर केलं की यापुढे हे सगळं 'लेजंड्स', म्हणजे दंतकथा. ज्यांनी कॉलेजची वर्षं त्या पुस्तकांवर काढली, त्यांना काय वाटलं असेल!
४) चाहत्यांनी स्वतः रचलेलं किंवा मनाशी धरलेलं. याला 'हेडकॅनन' म्हणतात. हे पुरावा म्हणून शून्य, पण प्रेम सगळ्यात जास्त.

आपल्याकडची उदाहरणं घ्या. 'रात्रीस खेळ चाले' २०१६ मध्ये आली तीच अण्णा नाईकांच्या मृत्यूपासून. २०१९ मध्ये दुसरं पर्व आलं, ते त्याच्या आधीचा काळ सांगणारं. म्हणजे शेवट आधी आणि सुरुवात नंतर. मग पहिल्या पर्वाशी दुसऱ्याचा ताळा बसतो का, हे तपासत बसायला पब्लिकला कामच मिळालं. तिसऱ्या पर्वात मध्येच शेवंता बदलली, अपूर्वा नेमळेकरच्या जागी कृतिका तुळसकर आली. पडद्यावर दोघीही शेवंताच, दोघीही ऑफिशियल. पण आमच्या मेसमध्ये मतदान घ्या, एकीचं डिपॉझिट जप्त होईल!

दुसरं उदाहरण 'सीआयडी'. जानेवारी १९९८ ला सुरू, २०१८ ला बंद, डिसेंबर २०२४ ला पुन्हा सुरू. एप्रिल २०२५ मध्ये वाहिनीने एसीपी प्रद्युम्न गेल्याचं रीतसर जाहीर केलं. चाहत्यांनी साफ नाकारलं. आणि पुढे शिवाजी साटम परतलेसुद्धा! म्हणजे वरच्याने सही केली तरी खालच्यांनी ती मानावी लागते, नाहीतर ऑर्डर कागदावरच राहते.

हे आपल्याला नवीन नाही

असे वाद इंटरनेटमुळे आले असं वाटत असेल तर थांबा. ज्ञानेश्वरी १२९० सालची. पुढच्या तीनशे वर्षांत नकला होता होता तिच्यात पाठभेद शिरले, लोकांनी आपल्या ओव्याही घुसवल्या. १५८४ मध्ये पैठणला संत एकनाथांनी प्रती ताडून शुद्ध पाठ तयार केला आणि शेवटी बजावलं, की यात जो स्वतःची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजावं. कॅननवरचा इतका कडक नियम मी दुसरीकडे वाचलेला नाही.

दुसरं काम पुण्यात भांडारकर संस्थेत झालं. १९१९ ते १९६६, तब्बल ४७ वर्षं, बाराशेहून जास्त हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९ खंडांत निघाली. त्यात काय मुख्य पाठात बसलं नाही माहीत आहे? व्यास सांगतात आणि गणपती लिहून घेतो, ही आपल्याला बालवाडीपासून माहीत असलेली गोष्ट! मयसभेत दुर्योधन पडतो तेव्हा द्रौपदी त्याला आंधळ्याचा मुलगा म्हणून हिणवते, तेही त्या मुख्य पाठात नाही. पण १९८८ च्या बी. आर. चोप्रांच्या मालिकेत ते आहे, आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनवर परत लागलं तेव्हा आमच्या घरी सगळ्यांनी ते खरं म्हणूनच पाहिलं. मात्र एक गोष्ट महत्त्वाची. संपादकांनी वगळलेला मजकूर फेकून दिला नाही. तळटीपांत आणि परिशिष्टांत तो छापला, कुठल्या प्रतीत सापडतो त्या नोंदीसकट.

इंजिनिअरला हे कशाला हवं?

कारण आपला धंदाच कॅननचा आहे. मागच्या उन्हाळ्यात तारापूर एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी इनप्लांट ट्रेनिंगला होतो. भिंतीवर लावलेलं पाइपिंगचं ड्रॉइंग बघून मी ऐटीत एक व्हॉल्व्ह शोधायला निघालो. अर्धा तास फिरलो, व्हॉल्व्ह नाहीच! शेवटी तिथले एक जुने फोरमन काका म्हणाले, "बाळा, रिव्हिजन नंबर बघितलास का? ती लाइन कधीच काढली. कंट्रोल्ड कॉपी ऑफिसात आहे, भिंतीवर आहे ती शोभेला." सिव्हिलवाल्यांना विचारा, काँक्रीटचं आयएस ४५६ हे १९७८ चं कोड २००० साली बदललं. आज कोणी जुन्यावरून डिझाइन केलं आणि म्हणालं "मला तेच आवडतं", तर सर जर्नल कुठे फेकतील ते सांगायला नको. इथे हेडकॅनन चालत नाही. रिॲक्टरच्या शेजारी राहणाऱ्या आम्हा लोकांना तर हे लवकरच कळतं.

पैजेचा निकाल

रूममेटने आणि मी मिळून एपिसोड शोधले. पुढे-मागे करून डोळे लाल झाले. पेजेचा सीन आम्हाला सापडला नाही. अकरा वडापाव माझ्या खात्यात.

पण मला तो इतका स्पष्ट आठवत कसा होता? मग लक्षात आलं. मालिका रात्री साडेदहाला लागायची. माझी सकाळची शाळा, त्यामुळे आई मला दहाला झोपवायची. मी दुसरं पर्व पाहिलंच नव्हतं, ऐकलं होतं. चिंचणीच्या घरी आजी रात्री मालिका बघायची आणि सकाळी मला चहा-खारी देताना आख्खा भाग सांगायची, आवाज काढून, हातवारे करून. पावसाळ्यात वीज गेली तरी माझा भाग कधी चुकला नाही. तेव्हा मला हे विचित्र वाटलं नाही.

शनिवारी घरी गेल्यावर मी आईला हसत हसत सगळं सांगितलं. आई ताट पुसायची थांबली. म्हणाली, "अरे, ते मालिकेतलं नाही. ते आजीचंच आहे. लग्नानंतर चार-पाच वर्षांनी ती एकदा भांडून वाणगावला माहेरी गेली होती. चार दिवस. आजोबांनी पेज करपवली आणि पाचव्या दिवशी स्वतः घ्यायला गेले. मला एकदाच बोलली होती, परत कधी नाही."

आजी २०२३ मध्ये गेली. ते चार दिवस तिने घरात कोणाला धड सांगितले नाहीत. मला सांगितले, पण माईच्या नावावर. आणि मी आठवीतला मुलगा, "मग? मग अण्णा काय म्हणाला?" एवढंच विचारत होतो. ती म्हणाली होती, "काय म्हणणार? जेवला गुपचूप."

तर मित्रांनो, माझा निष्कर्ष असा. मालिकेबद्दल वाद असेल तर पडद्यावरचं प्रमाण. ड्रॉइंगबद्दल असेल तर शेवटची रिव्हिजन, दुसरं काही नाही. पण जे प्रमाण पाठात बसत नाही ते खोडून टाकू नका. ते कोणाच्या प्रतीत सापडलं, एवढं शेजारी लिहून ठेवा. नाथांचा नियम मला मान्य आहे, मी मालिकेच्या ताटात काही ठेवत नाही. माझी नोंद परिशिष्टात: करपलेली पेज, अधिकृत नाही, चिंचणी प्रत.

वडापावचे पैसे मात्र मी दिले. पैज ती पैज!