काच अडली म्हणून मोटर बदलू नकोस

दाराचं पॅड उघडायची घाई करू नकोस, बाळा. क्लिपा तुटतात, परत नीट बसत नाहीत, आणि महिन्याभरात दार खडखडतंय म्हणून तेच गिऱ्हाईक तुझ्या नावाने बोंबलत येतं. काच अडलेली गाडी आली की आत बस, चावी ऑन कर आणि चारही स्विचं दाबून बघ. चारही काचा गेल्या असतील तर आधी दारांना हात लावायचं कारण नाही. फ्यूज, रिले, चावीवरून येणारा करंट आणि सगळ्यांची मिळून असलेली अर्थ एवढंच तपास. ड्रायव्हरची काच चालतेय आणि बाकीच्या तिन्ही मुक्या, असं असेल तर आधी लॉकचं बटण बघ. पोरांनी काचेशी खेळू नये म्हणून दिलेलं ते बटण कुणाच्या तरी कोपराने दाबलं जातं. त्याचे पैसे घेऊ नयेत, असं माझं मत. चहा पाजला तर पी.

एकच काच बंद असेल तर छताचा दिवा लाव, इंजिन बंद ठेव आणि दिव्याकडे बघत स्विच दाब. दिवा किंचित मंदावला म्हणजे करंट मोटरपर्यंत पोचतोय, मोटर जोर लावतेय, पण काच रबरात धरलीय किंवा काच उचलणाऱ्या मशीनची केबल गुंतलीय. ते काम पान्याचं, वायरिंगचं नव्हे. दिवा जराही हलला नाही तर करंटची वाट कुठेतरी तुटलीय. हल्लीच्या एलईडी दिव्यावर हे उमगत नाही, तिथे बॅटरीवर मीटर लाव आणि स्विच दाबताना काटा किंवा आकडा घसरतो का ते बघ.

मोटरचे कार्बन झिजले असतील तर तेही पॅड न उघडता कळतं. एकाने स्विच दाबून धरायचं, दुसऱ्याने मोटरच्या जागी पॅडवर मुठीने ठोसे द्यायचे. काच हलली तर मोटर बदल, तिथे दया नको. पोरांनी सारखी वर-खाली केल्यामुळे बंद पडली असेल तर मात्र मोटर तापून आतलं कटआउट उघडलेलं असतं. पाच-दहा मिनिटं थांबलास की आपोआप चालू होते.

आता नीट ऐक, कारण इथेच निम्मे लोक चुकतात. साध्या मोटरला दोनच वायरी असतात आणि तिची ठरलेली अर्थ नसते. स्विच मोकळं असताना दोन्ही वायरी स्विचमधून अर्थलाच जोडलेल्या असतात. वर दाबलं की एकीला बारा व्होल्ट मिळतात आणि दुसरी अर्थवरच राहते, खाली दाबलं की उलट. म्हणून काच खाली जाते पण वर येत नाही, असं कुणी सांगितलं तर मोटर आणि तिच्या दोन्ही वायरी शाबूत आहेत हे तिथल्या तिथे समज. त्याच वायरींतून, त्याच मोटरने ती खाली गेलीय. दोष बहुधा स्विचच्या कॉन्टॅक्टात. आणि क्लीनर साइडच्या काचेची अर्थ बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हरकडच्या स्विचमधून फिरून येते. त्या दाराचं नवं स्विच आणून बसवशील आणि काच ढिम्म हलणार नाही, कारण रोगी दुसऱ्याच दारात बसलेला असतो.

मीटरवर आंधळा विश्वास ठेवू नकोस. वायरीतला एकच धागा शिल्लक असला, तरी सोडवलेल्या कपलरवर मीटर बारा व्होल्ट दाखवतं. नळ बंद असताना पाइपात दाब पुरा असतो, धार किती ते नळ सोडल्यावर कळतं. म्हणून ब्रेक लाइटचा २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट जवळ ठेव. तो पावणेदोन अँपिअर ओढतो. मोटरचं कपलर काढून त्या दोन वायरींमध्ये बल्ब लाव आणि स्विच वर-खाली दाब. दोन्ही वेळा लख्ख पेटला पाहिजे. मिणमिणला तर कपलर परत लाव, स्विच दाबून धर आणि मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं अर्थवरच्या वायरीला लाव. तिथे व्होल्टभराहून जास्त दिसलं तर अर्थची वाट सडलीय. मात्र हे साध्या गाड्यांपुरतं. नव्या गाड्यांत स्विच फक्त मॉड्यूलला निरोप देतं, त्या बारीक वायरींवर बल्ब लावलास तर मॉड्यूल जाईल. पिवळ्या नळीतल्या वायरी एअरबॅगच्या, तिकडे फिरकूच नकोस.

तुटलेली वायर सापडते ती बहुतेक बिजागरीपाशी, खांब आणि दार यांच्यामधल्या रबरी नळीत. ड्रायव्हरचं दार सर्वांत जास्त उघडतं, म्हणून आधी तिथेच बघ. स्विच दाबून धरून दार हळूहळू उघड-बंद कर. मधेच काच दचकली की जागा सापडली. मग रबर मागे सार. वायर वरून अखंड दिसेल, डोळ्यांवर जाऊ नकोस. एकेक चिमटीत धरून हलकेच ओढ. जिच्यातलं तांबं तुटलंय ती ताणली जाते, बाकीच्या तटतटून उभ्या राहतात. जोड मात्र त्या वाकणाऱ्या जागेत देऊ नकोस. झाळलेली वायर कडक होते आणि काही महिन्यांत जोडाच्या कडेलाच तुटते. बारीक धाग्यांची नवी वायर नळीच्या दोन्ही बाजूंना आत ओढून घे आणि जोड तिथे दे. पीळ मारून टेप गुंडाळणाऱ्यांचं काम मी रोज उकलतो.

आपल्या कोकणात पावसाचा जाच वेगळाच. दाराच्या तळाची भोकं चिखलाने बुजली की पाणी आत साचतं. ती तारेने मोकळी कर. पॅडमागचं प्लास्टिक फाडलंस तर तसंच सोडू नकोस, नवं चिकटव, नाहीतर पाणी सरळ स्विचवर येतं. २०२१च्या जुलैत चिपळुणात पुराखाली गेलेल्या गाड्यांचे कपलर पुढे कितीतरी दिवस उघडले की आत हिरवट पूड दिसायची. पिनांवर नुसता स्प्रे मारून भागत नाही. ब्रशने घास, पिन खाल्ली गेली असेल तर बदल.

मोटर काढण्याआधी काच वर करून चिकटपट्टीने फ्रेमला बांध, नाहीतर ती दाणकन खाली येते. आणि बॅटरी काढली असशील तर काही गाड्यांत काच आपली हद्द विसरते, अर्ध्यातून परत फिरते. ती फॉल्ट नव्हे. बहुतेक ठिकाणी काच पूर्ण वर नेऊन स्विच काही सेकंद तसंच ओढून धरलं की ती पुन्हा शिकते. मग अडल्यावर उलटी फिरते का ते तपासायचं असेल तर बोट घालू नकोस, वर्तमानपत्राची सुरळी घाल.