नवख्या छायाचित्रकाराचा दर

प्रश्न : लग्नाचे फोटो काढायला नुकतीच सुरुवात केली आहे. दर किती सांगावा?

उत्तर : दर स्वतःच्या खर्चावरून ठरतो, शेजारच्या स्टुडिओचा दर त्यानंतर पाहावा. समजा, कॅमेरा, लेन्स, फ्लॅश मिळून १,२०,००० रुपये लागले. चार वर्षांत १६० कामे धरली, तर प्रत्येक कामावर ७५० रुपये झीज पडते. लग्नाचा एक दिवस आणि एडिटिंगचे दोन, अशी तीन दिवसांची मजुरी ८०० प्रमाणे २,४००. बीडहून वडवणीला जाण्यायेण्याचे पेट्रोल, चहापाणी ४५०. म्हणजे ३,६०० ही केवळ भरपाई. नफा त्यावर, अल्बम वेगळा.

वर्षाला ४० कामांचा अंदाज मात्र बीड जिल्ह्यात जपूनच करावा. ऊसतोड कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि हंगाम संपल्यावर परततात. त्यामुळे त्यांच्या घरची लग्ने बहुधा उन्हाळ्यात एकवटतात. एकाच तिथीला तीन बोलावणी येतात, पावसाळ्यात एकही नाही. रिकाम्या महिन्यांचा खर्चही दरातच धरावा लागतो.

भावकीतले एखादे लग्न सवलतीत करायला हरकत नाही, पण पूर्ण दर सांगून मग सूट द्यावी. नाहीतर सवलतीचाच दर गावभर होतो. विसार आधी घ्यावा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसल्यास, मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा पहिला हक्क ग्राहकाचा असतो. ते स्वतःच्या जाहिरातीत वापरायचे तर परवानगी लेखी घ्यावी.