सर्वनामाची जागा

इंग्रजीत ‘स्विच ऑफ द लाइट’ आणि ‘स्विच द लाइट ऑफ’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध. पण नामाऐवजी सर्वनाम आले की ‘स्विच इट ऑफ’ असेच म्हणावे लागते. एवढ्यावरून ‘सर्वनाम नेहमी मध्ये’ असा नियम पाठ केला, तर ‘लुक आफ्टर हिम’ बिघडते. माझ्या मते आधी त्या लहान शब्दाची जात ओळखावी. ‘ऑफ’ येथे क्रियाविशेषण आहे. सर्वनाम त्याच्या अलीकडे बसते. ‘आफ्टर’ आपल्या शब्दयोगी अव्ययाच्या जातीचे. ते सर्वनामाची सोबत सोडत नाही, मात्र मराठीप्रमाणे नंतर न येता आधी येते. ‘कॉल हिम अप’ म्हणजे त्याला फोन करा. ‘कॉल ऑन हिम’ म्हणजे त्याला जाऊन भेटा. ही जोडी ध्यानात ठेवली, तर पेपरात सहसा घोटाळा होणार नाही.