जुनाट कंबरदुखी : ती कां टिकते व तिच्यावर काय करावें

पायांत कांटा रुतला म्हणजे आपण पाय उचलतों व कांटा काढतों. असें दुखणें आपलें रक्षण करितें. जखम भरली कीं तें जातें. परंतु कित्येकांची कंबर महिन्यामागून महिने दुखत राहते. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या किंवा पुनःपुन्हा येणाऱ्या वेदनेस जुनाट वेदना म्हणतात. भात लावणाऱ्या, मोळ्या वाहणाऱ्या व विहिरीचें पाणी ओढणाऱ्या आपल्या लोकांत कंबरदुखी फार आढळते, म्हणून आज तिचाच विचार करूं.

अशा रोग्याचा फोटो काढला आणि डॉक्टरांनीं "कांहीं दोष दिसत नाहीं" असें सांगितलें, म्हणजे घरचीं माणसें काय म्हणतात हें आपणांस ठाऊकच आहे. सून असली तर ती कामचुकार ठरते. म्हातारा असला तर त्याच्या मनाचा खेळ ठरतो. उलटपक्षीं फोटोंत मणक्यांमधील गादी झिजलेली दिसली, तर रोगी भयानें अंथरूण धरतो. ह्या दोन्ही समजुती खोट्या आहेत. ज्यांची कंबर मुळींच दुखत नव्हती अशा तीन हजारांवर लोकांच्या तपासण्या एकत्र करून इ. स. २०१५ मध्यें पाहण्यांत आल्या. तेव्हां गादी झिजल्याचीं चिन्हें वीस वर्षांच्या तरुणांत शेंकडा ३७ व ऐंशी वर्षांच्या वृद्धांत शेंकडा ९६ जणांत आढळलीं. अर्थात् झीज ही पुष्कळ वेळां पिकलेल्या केंसांसारखीच होय.

मग वेदना येते कोठून? डेकार्त नांवाच्या फ्रेंच तत्त्वज्ञान्याच्या मरणानंतर, १६६४ सालीं, त्याचा एक ग्रंथ छापला गेला. त्यांत त्यानें असें लिहिलें कीं, खालीं दोरी ओढावी आणि वर घंटा वाजावी, तसा पायाला लागलेला चटका मेंदूंत पोंचतो. हें मत लोकांनीं फार दिवस धरून ठेविलें. परंतु १९४४ सालीं इटलींतील रणभूमीवर बीचर ह्या अमेरिकन डॉक्टरानें मोठ्या जखमा झालेल्या शिपायांस विचारलें, तेव्हां सुमारें चारांपैकीं तिघांनीं वेदनाशामक औषध नको म्हटलें. दोरी तर जोरानें ओढली गेली होती. घंटा मात्र हळूच वाजली! पुढें १९६५ सालीं मेल्झॅक व वॉल ह्या दोघां शास्त्रज्ञांनीं असें मांडलें कीं, पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूंत जणूं एक फाटक आहे, आणि मेंदूची आज्ञाहि त्यावर चालते. त्या विचारांत पुढें पुष्कळ सुधारणा झाल्या, परंतु मुख्य गोष्ट टिकली. गुडघा आपटला असतां आपण तो चोळतों व बरें वाटतें, ह्याचें कारण हेंच. भीति, चिंता व जागरण ह्यांनीं तें फाटक अधिक उघडतें.

एकदां चोरी झालेल्या घरचा कुत्रा पुढें पान हाललें तरी भुंकूं लागतो. जुनाट दुखण्यांत मज्जातंतूंचें असेंच होतें. भुंकणें खरें असतें, चोर मात्र नसतो. म्हणून रोग्यास ढोंगी म्हणणें हा अन्याय आहे, आणि "दुखतें म्हणजे आंत कांहीं मोडत आहे" असें त्यानें समजणें हीहि चूक आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं अशा कंबरदुखीविषयीं सूचना प्रसिद्ध केल्या. रोग्यास दुखण्याचें स्वरूप समजावणें, व्यायाम, व मनाला धीर देणारे उपचार ह्यांस तिनें मान्यता दिली. कमरेचे पट्टे, वजनें लावून ओढणें व अफूच्या जातीचीं औषधें नेहमींच्या उपचारांत नकोत असें सांगितलें. दीर्घ विश्रांतीनें तर स्नायू दुबळेच होतात. आपले लोक येथें एक चूक हटकून करितात : बरें वाटलें त्या दिवशीं सगळें काम उरकून घ्यावयाचें, आणि मग चार दिवस पडून राहावयाचें. असें करूं नये. वीस घटिका, अर्धा दिवस असा हिशेब नको. किती मिनिटांनीं दुखणें वाढतें तें पाहावें. वीस मिनिटें वांकून निंदल्यावर वाढत असेल, तर बारा-पंधरा मिनिटांनींच उठावें, चार पावलें चालावें, दुसरें काम घ्यावें. आठवड्याआड एक-दोन मिनिटें वाढवावीं. थोडें दुखलें तरी भिऊं नये. रोज चालावें, आणि झोंपेची वेळ ठरलेली असावी.

बाजारांतल्या बिननांवाच्या पुड्या घेऊं नयेत. दोन दिवसांत कंबर मोकळी करणाऱ्या अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलें सांपडलें आहे. त्यानें हाडें ठिसूळ होतात व मधुमेह बळावतो. वेदनेच्या साध्या गोळ्याहि महिनोन्महिने घेतल्यास जठर व मूत्रपिंडें बिघडतात. (कर्करोगाच्या वेदनेची गोष्ट निराळी. तेथें डॉक्टरांनीं दिलेलें मॉर्फीन व्यसनाच्या भयानें नाकारणें ही निर्दयता आहे.)

आतां ज्या चिन्हांवर थांबतां कामा नये, तीं सांगतों. संध्याकाळीं ताप, वजन घटणें, रात्रींहि न थांबणारी कळ, हीं मणक्याच्या क्षयाचीं चिन्हें असूं शकतात, आणि तो रोग आपल्या देशांत अद्यापि आहे. पूर्वीं कर्करोग झालेल्या माणसाची किंवा पडल्यानंतर सुरू झालेली कंबरदुखीहि लवकर दाखवावी. पायांतील शक्ति जाऊं लागली, लघवी अडली किंवा नकळत होऊं लागली, मांड्यांच्या मध्यें बधिरता आली, तर रोग्यास त्याच दिवशीं मोठ्या रुग्णालयांत न्यावें. रात्र असली तरी सकाळची वाट पाहूं नये.