व्हिडिओ खरा, मग बातमी खोटी कशी?

प्रश्न : बाबांच्या मोबाइलवर रोज दहा-बारा व्हिडिओ येतात आणि ते लगेच नातेवाइकांच्या ग्रुपवर जातात. मी शंका काढली की बाबा म्हणतात, ‘डोळ्यांनी दिसतंय, ते खोटं कसं असेल?’ मला उत्तर सुचत नाही. कसलाही फेरफार न केलेलं चित्रण खोटं असू शकतं का?
– एक वाचक, बेंगळुरू

उत्तर : असू शकतं, आणि त्याची किंमत तुमच्याच शहरात एका माणसाने जिवानिशी मोजली आहे.

२०१८च्या उन्हाळ्यात कर्नाटकात मोबाइलवर एक व्हिडिओ फिरत होता. गल्लीत मुलं क्रिकेट खेळताहेत, मोटरसायकलवरून दोघे येतात, एका पोराला उचलतात आणि पसार होतात. सोबत पुस्ती : मुलं पळवणाऱ्या टोळ्या शहरात शिरल्या आहेत. २३ मे रोजी बेंगळुरूच्या चामराजपेटेत जमावाने राजस्थानातून कामासाठी आलेल्या २६ वर्षांच्या तरुणाला याच संशयावरून बांधून, मारून ठार केलं. पुढच्याच महिन्याभरात ही आवई महाराष्ट्रात पोचली. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी पाच जण मारले गेले. मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे. गावाला अनोळखी, एवढाच त्यांचा दोष.

आता त्या व्हिडिओबद्दल. तो कराचीतला होता. तिथल्या रोशनी हेल्पलाइन या संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी केलेली ती जाहिरात. मूळ फिल्ममध्ये ते दोघे मोटरसायकलस्वार वळून परत येतात, मुलाला खाली उतरवतात आणि मूल पळवायला एक क्षण पुरतो, अशा अर्थाचा फलक दाखवतात. कुणीतरी हा शेवटच कापला. बाकी एकही दृश्य बदलायची गरज पडली नाही. पूर्वी कंड्या पिकवायला निदान काही रचावं लागे. इथे फक्त कात्री चालली.

दुसरी युक्ती याहून स्वस्त : चित्र जसंच्या तसं, फक्त खालची ओळ नवी. एप्रिल २०१०मध्ये चीनमधल्या युशू इथे भूकंप झाला. मृतदेहांच्या राशीत उभ्या असलेल्या भिक्षूंचं तिथलं छायाचित्र २०१२मध्ये म्यानमारमधल्या हत्याकांडाचं म्हणून भारतात फिरवलं गेलं. अशा चित्रांनी वातावरण तापलेलं असताना त्या ऑगस्टमध्ये हल्ल्याच्या धमक्यांच्या अफवांनी ईशान्येकडचे हजारो तरुण-तरुणी बेंगळुरू सोडून निघाले, गुवाहाटीसाठी खास गाड्या सोडाव्या लागल्या. शेवटी सरकारने एका वेळी पाचांहून अधिक जणांना एसएमएस पाठवण्यावर काही दिवस बंदी घातली. गंमत म्हणा की दैव, २०१८च्या हत्यांनंतर व्हॉट्सअ‍ॅपनेही भारतात फॉरवर्डची मर्यादा पाचच ठेवली.

तिसऱ्या तऱ्हेत मात्र फेरफार असतो : चेहरा खरा, आवाज बनावट. इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती अमुक ट्रेडिंगमध्ये पैसे घाला म्हणताहेत, असे व्हिडिओ निघाले, तेव्हा हे बनावट असल्याचं त्यांना स्वतः जाहीर सांगावं लागलं. अशात कुणाचे पैसे गेलेच, तर वेळ न दवडता सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करायचा.

म्हणजे ‘हे खरं दिसतंय का?’ हा प्रश्नच कुचकामी. खरं तर ते दिसणारच. विचारायचं ते असं : हे कुठलं, कधीचं, आणि याच्या आधी-नंतर काय होतं? त्यासाठी त्याच व्हिडिओकडे डोळे फाडून बघत बसू नका, त्यातून बाहेर पडा. एखाद्या दृश्याचा स्क्रीनशॉट घ्या, गूगल लेन्समध्ये टाका, आणि सगळ्यांत जुनं कुठे सापडतं ते बघा. आजची म्हणून आलेली घटना चार वर्षांपूर्वीच्या पानावर भेटली, तर तपास तिथेच संपला. काहीच सापडलं नाही तर? तर ते खरं ठरत नाही, फक्त पुढे पाठवायचं नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या मेसेजवर दुहेरी बाण असेल, तर तो अनेक हात फिरून आलेला आहे आणि पाठवणाऱ्या काकांनाही त्याचं मूळ बहुधा ठाऊक नाही.

राहता राहिले बाबा. त्यांच्याशी वाद घालू नका, ग्रुपवर तर मुळीच नको, चारचौघांत चूक कबूल करणं कुणालाच जमत नाही. रोशनी हेल्पलाइनची ती फिल्म शोधा आणि एकदा त्यांच्या शेजारी बसून दाखवा. आधी पोर उचलेपर्यंत. तिथे थांबवून त्यांना काय वाटलं ते विचारा, आणि मग उरलेली दाखवा.